हक्काचा वाटा



पुणे जिल्ह्यातल्या गावांत एक शब्द लहानथोर सगळ्यांच्या तोंडी असतो. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, कुणी विहिरीवरून पडलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘ससूनला न्या.’ जुन्नरपासून इंदापूरपर्यंत, वेल्ह्यापासून शिरूरपर्यंत हा शब्द ठाऊक नाही असं घर मिळणं कठीण. पण ससून म्हणजे काय? ते कुणा गावाचं नाव की देवाचं? आपल्यातल्या कित्येकींना वाटतं की हा इंग्रजी शब्दच असावा.

ते एका माणसाचं नाव आहे. डेव्हिड ससून. हा माणूस इंग्रज नव्हता, पारशी नव्हता, मुसलमान नव्हता आणि हिंदूही नव्हता. तो ज्यू होता, म्हणजे यहुदी. आज आम्ही तुम्हाला या समाजाच्या एका रीतीबद्दल सांगणार आहोत. देण्याची रीत. मोठ्या देणग्यांची गोष्ट त्यात येईलच, पण आम्हाला जास्त बोलायचं आहे ते रोजच्या, चिल्लर, घरातल्या बाईच्या हातून होणाऱ्या देण्याबद्दल. कारण त्या रीतीत आपल्या बचत गटांनी घ्यावं असं बरंच काही आहे.

आधी माणसांची ओळख करून घेऊ. पुण्यात ज्यू लोकांचे दोन समाज नांदले. पहिला समाज आपला मराठीच. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांची परंपरा अशी सांगते की फार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगावला एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचाच पुढे हा समाज झाला. ते कोकणातल्या गावागावांत राहिले, मराठी बोलू लागले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. गावांच्या नावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, कारण शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा दिवस. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे.

या समाजाची आणखी एक गोष्ट सांगतात, ती आपण बायकांनी मुद्दाम ऐकावी. पोथ्या समुद्रात बुडाल्या होत्या, प्रार्थना विस्मरणात गेल्या होत्या. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक जाणता ज्यू माणूस तिथे आला. हे लोक खरंच आपल्यापैकी आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला काढले. ज्यू धर्माचा नियम नेमका तोच. रहाबीची ओळख पटली. पोथी हरवली तरी धर्म चुलीपाशी टिकून राहिला होता, आणि तो टिकवला होता बायकांनी.

इंग्रजांच्या काळात बेने इस्राएल लोक पलटणीत, रेल्वेत, टपालात, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागले. त्या नोकऱ्यांच्या निमित्ताने ते पुण्यातही आले. रास्ता पेठेत त्यांचं प्रार्थनालय आहे, सुक्कथ शेलोमो. ते 1921 सालचं.

दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. हे लोक इराकमधल्या बगदादहून आणि आसपासच्या मुलखातून व्यापारासाठी आले. अरबी बोलणारे, पुढे इंग्रजी बोलू लागलेले. डेव्हिड ससून त्यांचा पुढारी. त्याचा जन्म 1792 साली बगदादला झाला. तिथल्या अंमलदाराच्या जाचाला कंटाळून तो घरदार सोडून निघाला आणि 1832च्या सुमारास मुंबईत येऊन स्थिरावला. व्यापारात त्याने अमाप पैसा कमावला. 1864 साली तो पुण्यात वारला. कॅम्पात लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं एक प्रार्थनालय आहे, ओहेल डेव्हिड. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. ते त्याच्या पैशातून उभं राहिलं आणि त्याच आवारात त्याची कबर आहे. ससून रुग्णालय आणि लाल देऊळ दोन्ही 1867 साली पुरी झाली. म्हणजे देणारा गेल्यावर तीन वर्षांनी. नव्या पेठेत निराधार वृद्धांसाठी ‘निवारा’ आहे ना, त्या संस्थेची मूळ देणगीही याच डेव्हिड ससूनची.

आता रीतीकडे येऊ. ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत देण्याला ‘त्सेदाका’ म्हणतात. आपल्या मुसलमान भगिनी ‘सदका’ म्हणतात, तो शब्द याच्याच नात्यातला. हिब्रू आणि अरबी या एकाच कुळातल्या भाषा. पण त्सेदाका या शब्दाच्या मुळाशी दया नाही, कीव नाही. त्याच्या मुळाशी न्याय आहे. भुकेल्याला भाकरी दिली तर तुम्ही त्याच्यावर उपकार केले, असं हा धर्म मानत नाही. त्याचा वाटा तुमच्याकडे होता, तो तुम्ही पोचता केला. दिला नसता तर तुम्ही त्याचं देणं बुडवलं असतं.

हे नुसतं बोलण्यापुरतं राहिलं नाही, त्याचे नियम केले गेले. आणि पहिले नियम शेतातले आहेत, त्यामुळे आपल्याला ते चटकन समजतील. पीक काढताना शेताचा एक कोपरा कापायचा नाही, तो गरिबांसाठी उभा सोडायचा. किती सोडायचा? निदान साठावा भाग. कापणीत हातातून एखाददुसरं कणीस गळलं, तर ते परत उचलायचं नाही. आपण ज्याला सरवा म्हणतो तोच. एखादी पेंढी शेतात विसरली, तर ती आणायला मागे फिरायचं नाही. हे सगळं गरिबाचं, विधवेचं, पोरक्याचं आणि परक्या मुलखातून आलेल्याचं.

मैत्रिणींनो, सरवा वेचणं म्हणजे काय हे आपल्यातल्या थोरल्या बायकांना सांगायला नको. ज्वारी-बाजरीची काढणी झाली, भुईमूग उपटून झाला, की भूमिहीन घरच्या बाया आणि पोरं शेतात शिरायची. कुणी शेतकरी दिलदार असायचा, कुणी हाकलून लावायचा. सगळं मालकाच्या मर्जीवर. ज्यूंच्या धर्मशास्त्राने ती मर्जीच काढून घेतली. कोपऱ्यातलं पीक कुणी न्यायचं, हेही मालकाने ठरवायचं नाही. येईल त्याने कापून न्यावं. त्यांच्या धर्मग्रंथात रूथ नावाच्या एका विधवेची कथा आहे. ती परक्या मुलखातली. नवरा मेला, सासूला घेऊन ती सासूच्या गावी आली आणि दोघींचं पोट भरण्यासाठी सरवा वेचायला लागली. पुढे त्या शेताच्या मालकाशी तिचं लग्न झालं आणि तिच्याच वंशात दावीद राजा जन्मला. सरवा वेचणारी बाई राजाची पणजी झाली! ज्या धर्मात ही कथा दरसाल वाचली जाते, तिथे सरवा वेचणारीकडे कुणी खालच्या नजरेने पाहू नये, हीच तर त्यातली शिकवण.

पण शहरात राहणाऱ्याकडे शेत नसतं. त्याने काय करायचं? त्यासाठी कमाईचा दहावा हिस्सा बाजूला काढण्याची चाल पडली. जास्तीत जास्त पाचवा हिस्सा. त्याहून जास्त देऊ नये, असंही शास्त्र सांगतं. कारण सगळं वाटून बसलात, तर उद्या तुमच्यावरच मागायची वेळ येईल. देण्यालाही हिशेब हवा, हे आपल्या गटाच्या सचिव बाईंना लगेच पटेल.

आणि रोजचं देणं? त्यासाठी डबा. ज्यू घरांत आणि प्रार्थनालयांत एक लहानशी पेटी असते, वर नाण्यापुरती फट. प्रार्थनेआधी त्यात नाणं टाकतात. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा विसाव्याचा दिवस सुरू होतो. त्याआधी घरातली बाई दिवे लावते, आणि दिवे लावण्यापूर्वी डब्यात नाणं टाकायचं, ही कित्येक घरांतली रीत. एकदा विसावा सुरू झाला, की पैशाला हात लावायचा नाही. म्हणून दिव्याआधी डबा. पोरं आईचं बघतात आणि त्यांनाही एखादं नाणं टाकायला मिळतं. देणं शिकवायला याहून सोपी शाळा कुठली?

तुम्ही विचाराल, एक नाणं टाकून कुणाचं काय भलं होणार? याचं उत्तर मायमोनिडीस नावाच्या पंडिताने दिलं आहे. ज्यू लोक त्याला रंबाम म्हणतात. 1138 साली स्पेनमध्ये जन्मला, 1204 साली इजिप्तमध्ये वारला. पेशाने वैद्य, तोही सुलतानाच्या दरबारातला. त्याचं म्हणणं असं: एका माणसाने हजार नाणी एकदम एकाला दिली आणि दुसऱ्याने तीच हजार नाणी एकेक करून हजार वेळा दिली, तर दुसऱ्याचं देणं मोठं. कारण पहिल्याला एकदाच उमाळा आला आणि ओसरला. दुसऱ्याच्या हाताला मात्र हजार वेळा उघडण्याची सवय लागली. म्हणजे डब्यातलं नाणं जितकं घेणाऱ्यासाठी असतं, तितकंच देणाऱ्याच्या मुठीसाठी असतं.

आपल्याकडेही ही जाण होती. पुण्याशेजारी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. प्रत्येकाने वर्षाला निदान एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग काढायचे. एक पैसा कुणालाच जड नव्हता. आणि आपल्या बचत गटाची सुरुवात तरी कुठून झाली? कुणाची आठवड्याला दहा रुपये, कुणाची महिन्याला पन्नास. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण करून दाखवलेलंच आहे.

आता डबा भरला की पुढे काय? इथे ज्यूंचे नियम फार बारकाईचे आहेत. गावाचा एक फंड असायचा. तो दर शुक्रवारी गोळा व्हायचा आणि त्यातून गरीब कुटुंबाला आठवड्याच्या जेवणापुरतं दिलं जायचं. फंड गोळा करायला निदान दोघं जण हवेत, एकट्याने पैशाला हात लावायचा नाही. आणि वाटायला तिघं हवेत. तिघं का? कारण कुणाला किती द्यायचं हे ठरवणं म्हणजे न्यायनिवाडा, आणि त्यांच्याकडे न्यायाला तीन पंच लागतात. याशिवाय रोजच्या रोज शिजलेलं अन्न गोळा करून वाटण्याची वेगळी सोय होती. ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण आहे, त्याने रोजच्या अन्नातून घेऊ नये. ज्याच्या घरी आठवड्याचं चौदा वेळचं जेवण आहे, त्याने आठवड्याच्या फंडातून घेऊ नये. ही झाली त्यांची दारिद्र्यरेषा. कागद नाही, दाखला नाही. घरात किती वेळचं अन्न आहे, एवढंच माप.

आणखी दोन नियम आमच्या मनात घर करून बसले. पहिला असा की जो स्वतः फंडातून घेतो, त्यानेही द्यायचं. थोडं का होईना, फूल ना फुलाची पाकळी, पण द्यायचं. आपल्याला वाटेल, ही काय जबरदस्ती! पण विचार करा. ज्या बाईला नेहमी घ्यावंच लागतं, तिची मान हळूहळू खाली जाते. तिने चार आणे का होईना दिले, की ती पुन्हा देणाऱ्यांच्या रांगेत येते. दुसरा नियम असा की अन्नवस्त्र मागायला बाई आणि पुरुष एकाच वेळी आले, तर आधी बाईला द्यायचं. कारण दारोदार मागत फिरणं बाईला जास्त लाजिरवाणं. पोरक्या मुलीचं आणि पोरक्या मुलाचं लग्न करून द्यायचं असेल, तर मुलीचं आधी. बाईची लाज राखणं हा हिशेबातला पहिला रकाना झाला.

लाजेवरूनच एक जुनी गोष्ट. मार उक्बा नावाचा एक विद्वान होता. तो रोज एका गरीब शेजाऱ्याच्या दाराच्या खाचेत चार नाणी ठेवून यायचा. कोण ठेवतं हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं. एक दिवस मार उक्बाबरोबर त्याची बायकोही आली. शेजाऱ्याने ठरवलं, आज बघायचंच. दार उघडायचा आवाज आला तसे नवराबायको पळाले आणि लपायला जागा मिळेना म्हणून नुकत्याच विझवलेल्या भट्टीत शिरले. मार उक्बाचे पाय पोळायला लागले. बायको म्हणाली, तुझे पाय माझ्या पायांवर ठेव. तिचे पाय पोळत नव्हते. तो खिन्न झाला, माझं पुण्य कमी कसं? तिने त्याची समजूत काढली. मी घरात असते, दारी आलेल्याला मी शिजलेलं अन्न देते, ते त्याच्या लगेच पोटात जातं. तू पैसे देतोस, त्याला ते घेऊन बाजारात जावं लागतं. मैत्रिणींनो, ही गोष्ट पुरुषांनी लिहिलेल्या ग्रंथात आहे, आणि त्यात बाईच्या हातच्या भाकरीला विद्वानाच्या नाण्यापेक्षा वरचं मोल दिलं आहे. देणारे लपले का, हेही ध्यानात घ्या. घेणाऱ्याला समोरासमोर लाज वाटू नये, म्हणून त्यांनी पाय पोळून घेतले. आपण म्हणतो ना, या हाताचं त्या हाताला कळू नये.

मायमोनिडीसने देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खाली, कुरकुरत देणं. त्याच्या वर, कमी पण हसतमुखाने देणं. मग मागितल्यावर देणं, त्यावर मागायच्या आधी देणं. पुढच्या तीन पायऱ्या लाज राखण्याच्या: पाचवीत घेणाऱ्याला देणारा माहीत असतो, पण आपण कुणाला दिलं ते देणाऱ्याला माहीत नसतं, सहावीत देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही, सातवीत दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. आणि सगळ्यात वरची, आठवी पायरी कुठली? माणसाला कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं, म्हणजे त्याच्यावर पुन्हा मागायची वेळच येणार नाही. आणि अडलेल्याला दिलेल्या कर्जावर व्याज घ्यायचं नाही, अशी त्यांच्या धर्माची आज्ञा. म्हणून जगात जिथे जिथे ज्यू वस्ती आहे, तिथे बिनव्याजी कर्ज देणारी मंडळं आढळतात. आता सांगा, शेळी घ्यायला, शिवणयंत्र घ्यायला आपल्या गटातून कर्ज काढणारी बाई आठशे वर्षांपूर्वीच्या या वैद्याच्या कुठल्या पायरीवर उभी आहे?

हे सारं शास्त्र आपल्या मराठी बेने इस्राएलांकडे कसं उतरलं? त्यांनी सणांना खास मराठी नावं दिली होती. वर्षातला सगळ्यात मोठा उपासाचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, उपास करायचा, वर्षभरातल्या पापांची क्षमा मागायची. दुसऱ्या दिवसाला म्हणायचे शिळा सण. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या, स्नेह्यांच्या भेटी घ्यायच्या. देवाकडे क्षमा मागून झाली, की पहिलं काम गरिबाच्या वाट्याचं. त्यांचा मलिदा तर ऐकला असेल. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. एलिया नावाच्या संदेष्ट्याची आठवण करून हे ताट मांडतात आणि आल्यागेल्या सगळ्यांना वाटतात. घाणा चालवणारे हे लोक, त्यांच्यात कुणी ससून नव्हता. पण देण्याला श्रीमंती लागत नाही, हे त्यांनी जगून दाखवलं. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत 1875 साली आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. आपल्या समाजाचा इतिहासही याच किहीमकरांनी लिहून ठेवला.

याच समाजातली एक लेक म्हणजे डॉक्टर जेरुशा झिराड. जन्म 1890चा, शिमोग्याचा, शिक्षण पुण्याला. लहानपणी तिची बहीण खूप आजारी पडली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात बरी झाली. तेव्हाच या मुलीने ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं. विलायतेत शिकायला पैसे कुठून आणायचे? टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीचा आधार मिळाला आणि पुढे सरकारचीही शिष्यवृत्ती मिळाली. शिकून ती परत आली आणि ज्या कामा रुग्णालयात बहीण वाचली, त्याचीच ती मुख्य अधिकारी झाली. मुंबईतल्या बाळंतिणी का दगावतात, याचा तिने अभ्यास केला. 1966 साली तिला पद्मश्री मिळाली. एका मुलीला वेळेवर कर्ज आणि शिक्षण मिळालं, तर किती बाळंतिणींच्या वाट्याला त्याचं फळ येतं, ते यातून कळतं. ती आठवी पायरी म्हणजे हीच.

आता थोडं कडू बोलायचं आहे. इतिहास सांगताना गोड तेवढं सांगून कडू लपवलं, तर ती फसवणूक होते. ससून घराण्यात प्रत्येक सौद्यामागे काही हिस्सा दानासाठी काढण्याची रीत होती. पण ते सौदे कशाचे होते? कापूस होता, कापड होतं, आणि अफूही होती. माळव्यात पिकलेली अफू मुंबईहून जहाजांनी चीनला जायची. चीनच्या बादशाहाने ती बंद करू पाहिली, तर इंग्रजांनी त्याच्याशी दोन युद्धं केली, 1839 आणि 1856 साली सुरू झालेली. त्या अफूने चीनमधली लाखो घरं उद्ध्वस्त झाली. ससून घराणं या धंद्यातल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. ते एकटे नव्हते. पुण्याच्या बंड गार्डनजवळ नदीवर बांध घालायला ज्यांनी पैसे दिले, त्या जमशेटजी जिजीभॉय यांनीही चीनच्या अफूतूनच मोठी कमाई केली होती. इंग्रज सरकारचा खजिनाही अफूवर भरत होता. नवरा दारू पितो तेव्हा घराचं काय होतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. चीनमधल्या बायकांनी तेच भोगलं.

दुसरी गोष्ट घरातली. पैसेवाल्या बगदादी ज्यूंना मराठी बेने इस्राएल आपल्या बरोबरीचे वाटत नसत. काळे, देशी, रीतीभाती विसरलेले, असं ते त्यांच्याविषयी बोलत. 1836 साली मुंबईतल्या बगदादी मंडळींनी ज्यू दफनभूमीत मधे भिंत घालून द्या, अशी मागणी सरकारकडे केली. देव एक, धर्म एक, प्रार्थना एक, आणि मेल्यावरही शेजार नको! जिथे गावाच्या दोन स्मशानभूमी अजून आहेत, तिथल्या बायांना हे सांगायची गरज नाही. दवाखाना सगळ्या जातीधर्मांसाठी खुला करणारा समाज आपल्याच गरीब भावंडांना मात्र दूर ठेवत होता.

मग ससूनच्या देणगीचं काय करायचं? आम्ही यावर आपसात बरंच बोललो. आमचं मत असं झालं. दवाखाना खरा आहे. सुरुवातीला तिथे दीडशेच्या आत रुग्णांची सोय होती, आज तिथे सगळ्या पुणे जिल्ह्यातून आणि बाहेरूनही माणसं येतात. सरकार तो चालवतं, तुमच्याआमच्या करातून. तिथे जन्मलेली पोरं, वाचलेले जीव खरे आहेत. 1924 साली कैदेत असलेल्या गांधीजींचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशनही तिथेच झालं. पण त्यामुळे अफू धुऊन निघत नाही. दानाची पाटी मोठी असली, तरी पैसा कुठून आला हे विचारायचा हक्क आपल्याला राहतोच. ज्यूंच्याच शास्त्रात चोरीच्या मालातून केलेल्या पुण्याला किंमत नाही. त्सेदाका म्हणजे न्याय म्हटलं, की न्याय कमावण्यातही हवा आणि वाटण्यातही हवा.

आणि हा प्रश्न आपल्या दारातही येतो. निवडणूक आली, की साड्या आणि भांडी वाटायला कोण येतं, कुणाच्या पैशाने येतं? पूर आला, दुष्काळ पडला, की धान्याचं पाकीट हातात देऊन फोटो कोण काढतं? पाकीट घेणाऱ्या बाईचा चेहरा गावभर मोबाइलवर फिरतो. पोरांची शाळेत चेष्टा होते. पुढच्या वेळी घरात दाणा नसला, तरी ती बाई रांगेत उभी राहत नाही. अशा बाया प्रत्येक गावात आहेत. त्यांची नावं आपल्याला माहीत असतात, आणि त्या कधीच मागत नाहीत.

म्हणून आमचं सगळ्या गटांना सांगणं आहे. पुढच्या बैठकीत एक डबा ठेवून बघा. बचतीचा वेगळा, हा वेगळा. झाकणाला फट पाडा. बैठकीला आल्यावर ज्या बाईला जे जमेल ते तिने टाकावं, मूठ झाकून, म्हणजे कुणी किती टाकले ते दिसणार नाही. ज्या बाईची फारच ओढाताण आहे, तिनेही एक रुपया टाकावा, तिला वगळू नका. डबा दोघींनी मिळून उघडावा, दोघींनी मोजावा, रक्कम वहीत लिहावी. कुणाला द्यायचं हे तिघींनी ठरवावं, आणि दर सहा महिन्यांनी त्या तिघी बदलाव्यात. वहीत रक्कम आणि तारीख असावी, घेणारीचं नाव मात्र बैठकीत वाचू नये. आणि द्यायला जाताना दिवेलागणीला मागच्या दाराने जावं. जमलं तर पैशाऐवजी डाळ-तांदूळ न्यावेत. मार उक्बाच्या बायकोचं ऐकावं.

याच्या पुढची पायरीही विसरू नका. जी बाई तीनदा-चारदा डब्यातून घेते, तिला काय केलं म्हणजे डबा लागणार नाही, यावर बसून बोला. तिला गटात घ्या. कोंबड्या, शेळी, पापड, शिवण, जे तिला जमेल त्यासाठी लहान कर्ज द्या. अशा कर्जावर गटाने व्याज सोडायचं की कमी करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बोला.

आज पुण्यात ज्यू समाजाची फार थोडी कुटुंबं उरली आहेत. 1948 साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या वर्षांत बेने इस्राएलांपैकी बहुतेक तिकडे गेले. तिकडेही थोरली माणसं मराठी बोलतात, मलिदा करतात. रास्ता पेठेतलं प्रार्थनालय आणि कॅम्पातलं लाल देऊळ आपल्या जागी आहेत. पुढच्या वेळी कुणाला ससूनला न्याल, तेव्हा त्या नावामागचा हा सगळा हिशेब, गोड आणि कडू, बरोबरच्या पोरींना सांगा.

आणि तुमच्या गटाने डबा सुरू केला, तर आम्हाला पत्राने कळवा. किती जमले ते लिहू नका. डबा किती आठवडे न चुकता चालला, तेवढं लिहा.